धारणीचा रोही, दर्यापूरचा रोही

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या आखातालगत, लगुना अटास्कोसा नावाचे सरकारी अभयारण्य आहे. तिथे ठरावीक दिवसांत सामान्य नागरिकांना शिकारीचे परवाने मिळतात आणि त्यांतले काही दिवस केवळ धनुष्यबाण वापरणाऱ्यांसाठी राखलेले असतात. सावजांच्या यादीत तिथले मूळचे पांढऱ्या शेपटीचे हरीण असते, मोकाट सुटलेली डुकरे असतात आणि परदेशी कुरंग म्हणून नोंदलेले एक थोराड, निळसर करडे जनावर असते. हे जनावर म्हणजे आपला रोही, म्हणजेच नीलगाय. १९३०च्या सुमारास किंग रँच या अवाढव्य गोपालन जहागिरीने प्राणिसंग्रहालयातून आणलेले रोही आपल्या माळावर सोडले. त्याच दशकात काळवीट आणि चितळही टेक्सासात पोहोचले. मागे वाघ नाही, रानकुत्र्यांची टोळी नाही. रोह्यांची वीण फोफावली. आता तो तिथल्या गुरांना घातक ठरणाऱ्या गोचिडांचा वाहक म्हणून कृषी खात्याच्या डोळ्यांत खुपतो, आणि शिकाऱ्यांना मात्र हवाहवासा वाटतो.

वऱ्हाडात याच जनावराची कीर्ती वेगळी आहे. तूर फुलावर आली, हरभऱ्याला घाटे धरले, की कास्तकाराची जागल सुरू होते. वावरात मचाण, हातात बॅटरी, खिशात फटाके, धुऱ्यावर बांधलेल्या जुन्या साड्या आणि ऐपत असेल तर सौर बॅटरीवरचे झटका मशीन. रोही खातो त्याहून जास्त तुडवतो. डुकरांचा कळप मक्यात शिरला तर सकाळी कापायला काही उरत नाही. दर हंगामात मग तीच मागणी होते: शिकार खुली करा. कोणी बंदुका मागतो, कोणी म्हणतो की आदिवासींना त्यांचे तीरकमठे परत द्या, आणि परदेशातले व्हिडिओ पाहिलेला एखादा तरुण विचारतो, तिकडे लोक पैसे मोजून रोही मारतात, आपणच का नुकसान सोसायचे? प्रश्न रागातून आलेला असला तरी त्याला नीट उत्तर मिळायला हवे. आमचे उत्तर असे की शिकारीचा छंद वऱ्हाडात परत आणू नये. पण जिथे रोही कमी करणे खरोखरच गरजेचे आहे तिथे ते काम सरकारने मोजून-मापून स्वतः करावे, कास्तकाराच्या हाती परवान्याचा कागद देऊन मोकळे होऊ नये.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा शिकार पूर्ण बंद झाली, असा सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाही. त्या कायद्यातही मोठ्या आणि लहान सावजांसाठी वेगवेगळ्या परवान्यांची तरतूद होती. ती १९९१च्या दुरुस्तीने गेली. तेव्हापासून शौकाची शिकार देशात कुठेच कायदेशीर नाही. हत्याराच्या व्याख्येत बंदूक, सापळा, फास, विष यांच्याबरोबर धनुष्यबाणही स्पष्ट लिहिला आहे. म्हणजे नांदगाव खंडेश्वरच्या मैदानावर पोरगी धनुष्य ताणते तेव्हा ती खेळाडू असते. त्याच धनुष्याने कोणी सशावर नेम धरला तर तो आरोपी, कारण शिकारीचा प्रयत्नही कायद्याच्या लेखी शिकारच आहे.

तरीही दोन दारे किलकिली ठेवलेली आहेत. पहिले कलम ११. एखादे जनावर माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोका ठरले, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी कारणे देऊन ते मारण्याची परवानगी देऊ शकतो. पिकाचे कारण फक्त दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यांना लागू होते. २०२२च्या दुरुस्तीनंतर रोही आणि रानडुक्कर त्या अनुसूचीत आहेत. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याने अख्खे वावर सपाट केले तरी त्यासाठी त्याला मारता येत नाही. दुसरे दार कलम ६२चे: केंद्र सरकार ठरावीक भागासाठी, ठरावीक मुदतीसाठी एखाद्या प्राण्याला उपद्रवी जाहीर करू शकते आणि त्या काळात त्याचे संरक्षण उठते.

महाराष्ट्राने पहिल्या दाराचा उपयोग केला. रोही आणि रानडुक्कर यांच्या पारधीची परवानगी कास्तकाराला वनपरिक्षेत्र पातळीवरच मिळावी, अशी व्यवस्था राज्याने २०१५ साली केली. कागदावर ती सोपी आहे. वावरात ती अडते, कारण परवाना मिळाला तरी मारायचे कशाने? पीक संरक्षणासाठी शस्त्र कायद्याखाली जी बंदूक मिळते ती सहसा ठासणीची. ती अपुरी आहे अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. दीड-दोनशे किलोच्या जनावराला अंधारात, शेजारच्या वावरात दुसरा जागली बसलेला असताना, ठासणीच्या बंदुकीने मारायला निघणारा माणूस शहाणा म्हणता येणार नाही. शिवाय मारलेले जनावर सरकारजमा होते. ही अट योग्यच आहे, मांस घरी नेण्याची मुभा दिली तर परवान्याआडून धंदा उभा राहायला वेळ लागणार नाही. पण तिचा अर्थ असाही होतो की खर्च, जोखीम आणि पोलीस ठाण्याच्या चकरा कास्तकाराच्या, आणि त्याच्या पदरात काही नाही.

कायद्याचा मार्ग असा नावापुरता उरला की बेकायदा मार्ग रुंद होतो. धुऱ्यावरच्या तारेत थेट विजेचा प्रवाह सोडणे, दुचाकीच्या क्लच वायरचे फास, पिठाच्या गोळ्यात लपवलेला गावठी बॉम्ब ही हत्यारे विदर्भात सगळ्यांना ठाऊक आहेत. ती डुकरासाठी लावलेली असली तरी समोर कोण आले हे पाहत नाहीत. एप्रिल २०१७मध्ये नागभीडजवळ श्रीनिवास नावाने ओळखला जाणारा वाघ शेताच्या तारेतल्या करंटने मेला तो असाच. अशा तारांनी माणसेही मरतात. त्यांची बातमी आतल्या पानावर येते.

तीरकमठ्याचा मुद्दा मात्र वेगळा आहे आणि तो भावनेचा म्हणून उडवून लावता येणार नाही. सातपुड्यातल्या कोरकू, गोंड, भिल्ल समाजांची जुनी शिकार तीरकमठा, कुऱ्हाड, कुत्रे आणि गावाने मिळून केलेला हाका यांवर चालत असे. वऱ्हाडच्या माळावर फासेपारधी शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने सावजाजवळ सरकत आणि फास लावत. इंग्रजी अमदानीत हे लोक एकीकडे साहेबांचे वाटाडे होते आणि दुसरीकडे स्वतःच्याच रानात चोर ठरत होते. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात वनखाते जंगलाचे शिकारी ब्लॉक पाडून परवान्यावर देत असे. बंदूक, तंबू आणि रजा असलेल्याला सावज मिळे, आणि त्याला वाट दाखवणाऱ्याची शिकार मात्र गुन्ह्यात जमा होई. फॉर्सिथच्या १८७१च्या किंवा डनबार ब्रँडरच्या १९२३च्या पुस्तकात मध्य भारतातल्या जंगलाचे वर्णन वाचताना ही विषमता पानोपानी जाणवते. लेखकांना ती जाणवलेली दिसत नाही, हा भाग वेगळा.

स्वातंत्र्यानंतर साहेबाची शिकार गेली आणि आदिवासींचीही. २००६च्या वनहक्क कायद्याने कोरकूंना बांबू, मोह, तेंदू, चराई, मासेमारी, सामूहिक जंगल अशा कितीतरी गोष्टींवरचा हक्क मान्य केला; परंपरेने चालत आलेले इतर हक्कही मान्य केले, आणि त्याच वाक्यात शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. वन्यजीव कायद्यात शिकारीच्या परंपरेला सूट आहे ती फक्त निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींना. संसदेने हे विसरून केलेले नाही, समजून केले आहे, आणि आमच्या मते ते बरोबर आहे. पन्नास वर्षांपूर्वीची शिकार मोठ्या जंगलात थोड्या माणसांनी केलेली होती. आज धारणी तालुक्यातल्या रानाभोवती रस्ते आहेत, मोटारसायकली आहेत आणि मांसाला गिऱ्हाईक आहे. गावाच्या नावाने दिलेली मुभा गावापुरती राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही.

शिवाय बाण काम कसे करतो तेही समजून घ्यावे. गोळी धक्क्याने आणि वेगाने मारते. बाणाचे पाते रक्तस्राव घडवून मारते. नेम फुप्फुसावर लागला तर जनावर थोडे अंतर धावून पडते. चार बोटे इकडेतिकडे झाला तर ते जखम घेऊन मैलभर जाते आणि दोन दिवसांनी कुठेतरी मरते. म्हणून कसलेले धनुर्धारी वीस-तीस मीटरपलीकडून बाण सोडत नाहीत, आणि सोडल्यावर माग काढण्यात तासन् तास घालवतात. रोह्याची कातडी जाड, हाडपेर दणकट. टेक्सासच्या शिकाऱ्यांतही तो पाडायला अवघड म्हणूनच प्रसिद्ध आहे. (आपल्याकडच्या रोह्याला ट्रॅक्टरचीसुद्धा भीती उरलेली नाही, त्यामुळे जवळ जाणे तेवढे सोपे, हे मान्य.) ब्रिटनने धनुष्याने जनावर मारण्यावर बंदी घातली आहे ती याच कारणाने. अमेरिकेत ती चालते, आणि तिचा एक खरा फायदाही आहे: आवाज नाही, बाण लांब जात नाही, त्यामुळे वस्तीजवळच्या जंगलातही ती करता येते. पण वीस मीटरवरून अचूक बाण मारायला वर्षानुवर्षे सराव लागतो. रात्रभर जागून सकाळी डवरणीला जाणाऱ्या माणसाकडून त्याची अपेक्षा करणे ही त्याची थट्टा आहे.

मग अमेरिकेकडून घेण्यासारखे काहीच नाही का? आहे, पण लोक दाखवतात ते नव्हे. तिथल्या सरकारी रानातल्या शिकारीमागे हिशेब असतो. किती जनावरे आहेत याचा अंदाज घेतला जातो, त्यावरून किती मारायची ते ठरते, तेवढेच परवाने निघतात आणि मारलेल्या जनावराची नोंद होते. बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर १९३७च्या कायद्याने वन्यजीवांसाठी राखला गेला. १९७२च्या दुरुस्तीने तो धनुष्यबाणांवरही आला. आपण ज्या वर्षी वन्यजीव कायदा करत होतो त्याच वर्षी तिकडे बाणाच्या किमतीतून जंगलासाठी अकरा टक्के काढण्याचे ठरत होते. हा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. ही व्यवस्था निर्दोष नाही, तिच्यात शिकाऱ्यांच्या आवडीच्या जनावरांचे लाड होतात असा आक्षेप आहेच. तरी मोजणी, मर्यादा, नोंद आणि पैसा यांची साखळी तिथे तुटत नाही. आपण हौशीने परवाना तेवढा उचलू पाहतो आणि त्यामागची साखळी तिकडेच ठेवतो.

कारण आपल्याकडे मोजणी वाघाची होते. दर चार वर्षांनी देशभर होते, तिच्यात व्याघ्र प्रकल्पातल्या भक्ष्य प्राण्यांचाही अंदाज येतो. मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवरच्या मचाणांवर बसून हौशी निसर्गप्रेमी नोंदी करतात, त्यांचाही उपयोग आहे. पण पूर्णेच्या खोऱ्यातल्या ई-क्लास म्हणजे सरकारी जमिनीवर, नाल्याकाठच्या बाभळीत, पडीत रानात किती रोही आहेत, त्यांची वीण कुठे होते, दिवसा ते कुठे दडतात, याची नियमित मोजदाद कोणी करत नाही. आकडा नसताना दोन्ही बाजूंना सोयीचे पडते. कास्तकार नेते म्हणतात लाखोंनी झाले, प्राणिमित्र म्हणतात उरलेच किती.

आणि इथेच अमरावती जिल्ह्यातल्या धारणी आणि दर्यापूर यांतला फरक येतो, जो मुंबईत बसून काढलेल्या आदेशात हरवतो. दर्यापूर खारपाणपट्ट्यातला तालुका. दूरवर सपाट काळी जमीन, जंगल नाही, रोह्यामागे लागणारे कोणी नाही. तिथला रोही एका अर्थाने टेक्सासच्या रोह्याच्या परिस्थितीत आहे. धारणी सातपुड्याच्या कुशीत, तापीच्या खोऱ्यात, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला खेटून. १९७३मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. पेंच किंवा ताडोब्यात चितळांचे जसे कळपच्या कळप दिसतात तसे इथे दिसत नाहीत. इथला वाघ सांबर, गवा, भेकर आणि डुकरावर जगतो आणि जंगलाच्या कडेला रोह्यावरही. धारणीत मारलेला रोही किंवा डुक्कर हे वाघाच्या ताटातून उचललेले असते, आणि ताट रिकामे झाले की वाघ बिबट्यासारखाच गावच्या गोठ्याकडे वळतो. म्हणजे एकच आदेश दर्यापूरला कदाचित उपयोगी आणि धारणीला हमखास घातक. जिल्हा एक, जनावर एक, तरी धोरण दोन हवीत.

सपाटीच्या तालुक्यांसाठी मार्ग शोधायचा तर टेक्सासपेक्षा आपल्याच देशातले दोन अनुभव पाहावेत. बिहारने रोही उपद्रवी जाहीर करून घेतला आणि जून २०१६मध्ये मोकामाच्या टाल भागात हैदराबादहून आणलेल्या शिकाऱ्यांनी काही दिवसांत दोनशेहून अधिक रोही पाडले. मृत जनावरांची छायाचित्रे देशभर गेली, मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर या तेव्हाच्या दोन केंद्रीय मंत्र्यांत उघड वाद झाला, सर्वोच्च न्यायालयाने मात्र स्थगिती दिली नाही. या गदारोळात आधी किती होते, नंतर किती उरले आणि दुसऱ्या वर्षी पिकाचे नुकसान किती घटले हे प्रश्न मागे पडले. केरळची वाट शांत आहे. केंद्राने रानडुकराला उपद्रवी ठरवायला नकार दिल्यावर त्या राज्याने मे २०२२मध्ये ग्रामपंचायत अध्यक्षांना मानद वन्यजीव रक्षकाचे अधिकार दिले; परवानाधारक, नोंदणीकृत नेमबाजांकडून गावाच्या मागणीवर डुकरे मारली जातात. यातही गडबडी होतात, पण जबाबदार कोण ते कागदावर असते आणि तो माणूस गावातच राहतो.

कलम ११ची भाषा बारकाईने वाचली तर अधिकाऱ्यापुढे दोन पर्याय आहेत: कोणाला तरी परवानगी देणे, किंवा जनावर मारवून घेणे. महाराष्ट्राने पहिल्याचा आधार घेतला, कारण त्यात खात्याला काही करावे लागत नाही. दुसरा पर्याय अंगावर घेतला पाहिजे. अमरावती, अकोल्याच्या सपाट तालुक्यांत आधी दोन हंगाम रोह्यांची मोजणी, त्यावरून तालुकावार मर्यादा, गावाच्या ठरावावर वनखात्याने नेमलेले प्रशिक्षित नेमबाज, वीण आणि पिल्लांचा काळ वगळून, आणि किती मारले याचा फलक ग्रामपंचायतीत. सगळीकडे मारणेच लागेल असेही नाही. शेजारच्या मध्य प्रदेशाने शाजापूर भागात २०२५च्या अखेरीस हेलिकॉप्टरने हाकून, कापडी कुंपणाच्या कोंडवाड्यात घेऊन काळवीट आणि रोही जिवंत पकडून दुसरीकडे हलवले. ते महाग आहे, आणि सोडलेल्या जागी ते जगले का हे काही वर्षांनी कळेल. पण काळवीट मारता येत नसल्याने त्याच्यापुरता दुसरा मार्गही नाही.

माळाच्या राखणीत ज्यांचे कौशल्य कामी येईल अशी माणसेही आपल्याकडे आहेत. कारंजा लाडच्या ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारधी समाजाबरोबर वऱ्हाडातली गवताळ राने आणि तणमोरासारखे पक्षी राखण्याचे काम केले आहे. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी माग काढला, त्यांना मोजणीच्या कामात पगारावर घेणे हे खात्याला जमेल का, हा खात्याच्या मनोवृत्तीचा प्रश्न आहे, निधीचा नव्हे.

धारणी आणि चिखलदऱ्यात मात्र बंदूक, बाण, नेमबाज यांपैकी कशालाच जागा नको. तिथे देणे आहे ते भरपाई आणि कुंपण. देशाला वाघ हवा आहे, तो आपला अभिमान आहे, त्याचे भक्ष्य जगवण्याचा खर्च हरभऱ्याच्या एकरभर वावरावर जगणाऱ्या कोरकू घराने उचलावा, हा व्यवहार न्यायाचा नाही. त्याच्याकडून शिकारीचा हक्क आपण काढून घेतला, त्याबदल्यात त्याच्या पिकाची राखण करण्याचे ओझे आपल्याकडे आले. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणे मिळतात. पण एकेकट्या वावराभोवतीचे कुंपण डुकरांना शेजाऱ्याकडे ढकलते. गावाच्या सगळ्या शिवाराला एकत्र घेरणारे कुंपण आणि त्याच्या दुरुस्तीला गावातलाच पगारी माणूस, इतके केले तरी निम्म्या जागली बंद होतील असे आम्हाला वाटते.

भरपाईचे काय? वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक यांनी मिळून पंचनामा करायचा, हा आजचा रिवाज. तिघे एका दिवशी, एका वावरात येईपर्यंत नुकसानीचा पुरावा जनावरेच खाऊन टाकतात. नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्राने जाहीर केले की वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान खरीप २०२६पासून पंतप्रधान पीक विमा योजनेत स्थानिक आपत्ती म्हणून धरले जाईल. पाऊल चांगले आहे. अट अशी की कास्तकाराने बहात्तर तासांत विम्याच्या अ‍ॅपवर, जागेची नोंद असलेल्या छायाचित्रासह तक्रार करावी. मेळघाटातल्या हरिसालला ‘डिजिटल गाव’ म्हणून २०१६ साली गाजवले गेले. त्यापलीकडच्या कितीतरी पाड्यांत आजही नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते. कोणते जिल्हे आणि कोणते प्राणी यात बसतात याची यादी राज्याला द्यायची आहे. तीत रोही, डुक्कर आणि काळवीट तिन्ही असावेत, मेळघाटातल्या गावांसाठी ग्रामपंचायत कार्यालयात नेटवर्क नसतानाही तक्रार नोंदवून घेण्याची सोय असावी, आणि हे सगळे जूनच्या पेरणीआधी ठरावे. सप्टेंबरात कणीस भरायला लागले की जागली मचाणावर चढलेला असेल आणि त्याला शासन निर्णय वाचायला सवड नसेल.